उरलेला पंखा

धसईच्या बाजारपेठेतून डोळखांबकडे निघालं की गाव संपता संपता धर्मा मेस्त्रीचं गॅरेज लागतं. भाजीचे टेम्पो, सीट भरून धावणाऱ्या जीपा, ऐन लावणीच्या तोंडावर रुसलेले ट्रॅक्टर, सगळे शेवटी धर्माच्या दारात येऊन उभे राहतात. मात्र मागच्या पडवीत एक गाडी अशी होती, की तिने आयुष्यात कधी भाताचं पोतं वाहिलं नव्हतं. दोन दारांची, लाल, जुनी स्पोर्ट्स कूप. जमिनीला एवढी चिकटलेली, की तिच्या टपावर हात ठेवायचा तर धर्माला वाकावं लागे. गावाने तिचं नाव ठेवलं होतं बसकी.

ही बसकी मुरबाडजवळच्या एका फार्महाउसवाल्या शेटची. त्याने हौसेने आणली आणि हौस फिटल्यावर आंब्याखाली सोडून दिली. धर्मा तिकडे पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेला होता. पंप बाजूला राहिला आणि हा गाडीभोवतीच फिरायला लागला, तेव्हा शेट म्हणाला, "घेऊन जा बाबा, माझं अंगण तरी मोकळं होईल." धर्मा तिला जीपमागे बांधून घरी घेऊन आला तेव्हा त्याच्या बायकोने, सरस्वतीने, कपाळाला हात लावला.

"अवो, तुमाला म्हस आना म्हटलं होतं," ती म्हणाली. "ही काय दूध देनार हाय?"

दूध दिलं नाही, पण मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, तेव्हा सरस्वतीचा राग थोडा निवळला. त्यांची एकुलती एक मुलगी कुणाली तेव्हा बालवाडीत होती. ती दिवसभर त्या गाडीत बसून तोंडाने घुर्र घुर्र करायची. एकदा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "बाबा, मी नवऱ्याच्या घरी हिच्यातूनच जानार." धर्मा हो म्हणाला. लहान पोराला हो म्हणायला कुणाचं काय जातं?

पण कुणाली विसरणाऱ्यातली नव्हती. ती मोठी झाली, धर्माने चालू केलेली बसकी खळ्यात फिरवून गाडी चालवायला शिकली, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला लागली आणि तिथेच डोळखांबकडचा ऋतिक तिने पसंत केला. मुलगा उंच, हसरा आणि चार माणसांत कमी बोलणारा. दोन्हीकडची माणसं जमून वैशाखातली तारीख ठरली, तेव्हा नवरीची गाडी कोणती असा विषय निघाला. कुणाली आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "गाडी ठरलेली हाय. बाबा हो बोललाय."

धर्माने चहाचा कप तसाच खाली ठेवला. कारण बसकी खळ्यात फिरत होती ते ठीक. पण डोळखांबच्या वाटेवर खिंडीचा चढ होता. दुसऱ्याच दिवशी त्याने सरस्वतीला शेजारी बसवून गाडी चढावर घातली. अर्ध्यात बसकीचा दम उखडला. सरस्वतीला खाली उतरवलं तेव्हा कुठे ती पुढे सरकली, आणि सरस्वती चालत चालत तिच्याआधी खिंडीत पोचली.

"मी वर थांबते," तिने जाता जाता सांगितलं. "तुमी या सावकाश."

त्या दिवशी धर्माने ठरवलं, बसकीला नवं इंजिन घालायचं. चांगलं दुप्पट ताकदीचं.

गावाला वाटलं, मेस्त्रीला मिरवायची खुमखुमी आली. खरं कारण निराळं होतं आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्यात रीत अशी, की बापाने मुलीला शिवेपर्यंत पोचवायचं. तिथे तिच्या पदरात तांदूळ घालायचे, पाठ फिरवायची आणि मागे न बघता घर गाठायचं. सोबतीला पाठराखीण जाते. आईबाप जात नाहीत. धर्माने कितीतरी लग्नांत कितीतरी बाप असे परत फिरताना पाहिले होते आणि आपल्याला हे जमायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बसकीची गोष्ट वेगळी. तिचा क्लच, तिचा अडून बसणारा दुसरा गिअर, हे धर्मा आणि कुणाली सोडून कुणाच्या बापाला जमत नव्हतं, आणि शालू नेसलेली नवरी काय गाडी चालवणार? म्हणजे ड्रायव्हर म्हणून धर्माच हवा. बापाला बंदी असेल. ड्रायव्हरला कोण अडवणार! पोरीला थेट तिच्या दारापर्यंत नेता येईल, एवढाच त्याचा डाव होता. तो त्याने मनातल्या मनात इतका जपला होता, की सरस्वतीला सोडून कुणालाही त्याचा पत्ता लागला नाही. सरस्वतीला तो पहिल्याच दिवशी कळला. तिने तो फोडला नाही, इतकंच.

कसाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी अपघाताच्या गाड्या ओढून आणणारा एक ओळखीचा होता. त्याच्याकडे मागून चेपलेली एक मोठी गाडी होती. मागची बाजू पापडासारखी, पण पुढचं इंजिन शाबूत. धर्माने ते ऐकलं, हात लावून पाहिलं, आणि नवी सून बघून आल्यासारखा खुशीत घरी आला. कल्याणला खेपा घालून इंजिन बदलण्याची सरकारी परवानगीही त्याने काढली. मग चिंचेच्या फांदीला चेनकप्पी टांगून जुनं इंजिन वर उचललं आणि नवं खाली सोडलं.

सोडलं म्हणजे काय, बसेना. नवं इंजिन लांबीला जास्त. धर्माने ते बसवायचे ठोकळे कापले, पुन्हा जोडले, गिअरबॉक्स मागे सरकवला, स्टिअरिंगच्या दांड्याची समजूत घातली. संक्रांतीला सुरू केलेलं काम होळीला संपत आलं. शेवटी इंजिन बसलं, पण त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे हात जाईल एवढीही फट राहिली नाही, आणि नेमका तिथेच पंखा बसायचा होता. धर्माने तो इकडून लावून पाहिला, तिकडून लावून पाहिला. मग खिंडीकडे बघितलं आणि पंखा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून टाकला.

"ह्यो पंखा का उरला?" सरस्वतीने विचारलं.

"पळत्या गाडीला पंखा कशाला गो?" धर्मा म्हणाला. "पळाली की वारा लागतोच. रेडिएटर आपोआप गार होतो."

"आनि नाय पळाली तर?"

"हे इंजिन हाय. नाय पळाली असं होतच नाय."

आणि खरंच, बसकी पळाली. पाडव्याला धर्माने तिला नारळ फोडला, सरस्वतीला शेजारी बसवलं आणि चढावर घातली. सरस्वती देवाचं नाव घेणार, तोवर खिंड मागे पडली होती. "अगो बाई," एवढंच ती म्हणाली. पण उतरल्यावर तिने बसकीच्या बॉनेटवरून पदराने धूळ पुसली. इतक्या वर्षांत ती गाडी तिने पहिल्यांदाच पुसली. धर्मा तर त्या दिवशी जमिनीपासून वीतभर वर चालत होता.

नवरदेवाचा बाप भगीरथ मात्र पडला बैलांचा माणूस. शर्यतीची त्याची जोडी, पाखऱ्या आणि बादल, चार तालुक्यांत नावाजलेली. बस्त्याच्या वेळी त्याने बसकी पाहिली, तिच्याभोवती फिरला आणि मिशीवर बोट फिरवत म्हणाला, "व्याही, यंत्राचा भरवसा नाय. ऐन येळेला रुसतं. माझ्या पुतण्याची एसी गाडी हाय, फुलं लावून तय्यार ठेवतो."

"तुमची एसी गाडी मागून येव दे," धर्मा म्हणाला. "माझी गाडी तुमच्या दारात पुढं असल. वाटेत थांबली तर नाव लावनार नाय मेस्त्री म्हनून."

माणसाने फार बोलू नये. बोललेलं जाऊन कुठेतरी बसतं आणि वेळेवर उठतं.

लग्न दुपारी लागलं. उन्हं कलली तशी वरात निघायची वेळ झाली. बसकीवर झेंडूच्या माळा चढल्या. धर्माने ठेवणीतला पांढरा शर्ट घातला, स्टिअरिंगला हात जोडले. शेजारी कुणाली बसली. मागच्या एवढ्याशा सीटवर ऋतिक गुडघे हनुवटीला लावून बसला, बाशिंग हातात धरून; डोक्यावर ठेवायला जागाच नव्हती. नवरानवरी शेजारी शेजारी हवीत, अशी कुणीतरी कुरकुर केली. "मागं दोघं बसलो तर दोघंपन बाहेर निघायचं नाय," कुणालीने सांगितलं आणि विषय संपला. धर्माने चावी फिरवली. नवं इंजिन असं गरजलं की मांडवातली पोरं टाळ्या पिटत धावली.

मग बेंजोवाल्यांनी सूर धरला आणि वरात सुरू झाली.

सुरू झाली आणि तिथेच नाचू लागली. आमच्याकडची वरात तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो: ती चालत नाही, ती नाचते. पाऊलभर पुढे आणि दोन पावलं जागेवर. मामा नाचतात, मामांचे मित्र नाचतात, ज्यांना कुणी ओळखत नाही तेही नाचतात. मांडवापासून शिवेपर्यंतचं अंतर शेळी कान हलवता हलवता पार करते. वरातीला त्याला संध्याकाळ पुरत नाही. धर्मा जन्मभर अशा वराती पाहत आला होता, स्वतः नाचलाही होता. पण इंजिन बसवताना त्याच्या डोळ्यांपुढे फक्त खिंड होती. वरात त्याच्या ध्यानातच आली नाही.

मारुतीच्या देवळापाशी त्याची नजर तापमानाच्या काट्यावर गेली. काटा लाल रेघेच्या घरात गेला होता. धर्माला एकदम गॅरेजातली भिंत दिसली, भिंतीतला खिळा दिसला आणि खिळ्यावरचा पंखा.

"सरा रे, जरा पुढं सरा!" तो खिडकीतून ओरडला. बेंजोपुढे त्याचं कोण ऐकतं? तेवढ्यात बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या वाफेचे लोट उसळले. वरातीत एकच जल्लोष झाला. हल्ली वाजंत्रीवाले धूर सोडायचं मशीन आणतात ना, लोकांना वाटलं मेस्त्रीने गाडीलाच बसवलं. "वा रे मेस्त्री! अजून सोड!" नाचणारे त्या वाफेत घुसून दुप्पट जोराने नाचू लागले, आणि एका मामाने तर खूश होऊन बॉनेटवरून फुलं उधळली.

धर्माने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढऱ्या शर्टाच्या रंगाचा झाला होता. चालू ठेवलं तर इंजिन जळणार. बंद ठेवलं तर गाडी इथेच. म्हणजे पुतण्याची एसी गाडी येणार, कुणाली तिच्यात बसणार, आणि धर्मा सगळ्या बापांसारखा शिवेवरून परत. नाव गेलं त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याला रडू आलं ते या दुसऱ्या गोष्टीचं.

भगीरथ गर्दीतून पुढे आला. त्याने वाफ पाहिली, धर्माचं तोंड पाहिलं. आता व्याही काय बोलणार म्हणून धर्माने मान खाली घातली.

"कुणाली," भगीरथने खिडकीत वाकून विचारलं, "दुसऱ्या गाडीत बसतेस काय गो?"

"मी उतरनार नाय," कुणाली म्हणाली.

"मी उतरू शकत नाय," मागून ऋतिक म्हणाला. "पाय झोपलेत."

भगीरथ हसला. मग मागे वळून त्याने हाक मारली, "पाखऱ्या-बादलला पुढं आना रे!"

जोडी वरातीत मिरवायला आणलीच होती, शिंगांना बेगड लावून, अंगावर झुली टाकून. दोरखंड आले, बसकीच्या पुढच्या बाजूला बांधले, बैलांच्या मानेवर जू चढलं. धर्माने गिअर काढला, ब्रेक सोडला, आणि दुप्पट ताकदीच्या इंजिनाची ती गाडी दोन बैलांमागे निमूट चालू लागली. असली वरात मुरबाड तालुक्याने पाहिली नव्हती. म्हातारी माणसं ओट्यांवरून उठून रस्त्यावर आली.

"व्याही," भगीरथ खिडकीशी चालता चालता म्हणाला, "अजून ताकद वाढवलीत की!"

"वाढवली," धर्मा म्हणाला, आणि त्यालाही हसू फुटलं.

शिवेवर पोचेपर्यंत इंजिन गार झालं. बायकांनी हंडे आणले, धर्माने रेडिएटर भरला, बैल सोडले. चावी फिरवली तशी बसकी पहिल्यासारखी गरजली. आता धर्माने आत बसायचं, एवढंच बाकी होतं. पण गाडीपुढे भिमी येऊन उभी राहिली.

भिमी म्हणजे धवलारीण. भटजी मंगलाष्टकं म्हणून जेवून जातो. हळदीपासून पाठवणीपर्यंत बाकीचं सगळं लग्न धवलारीण आपल्या गाण्यांतून लावते. धर्माच्या आईचं लग्नही हिनेच गायलं होतं म्हणतात. तिच्या शब्दाबाहेर जायची गावात कुणाची छाती नव्हती.

"धर्मा," भिमी म्हणाली, "शीव आली. तांदूळ घाल आनि फिर."

"आजी, गाडी दुसऱ्या कुनाला जमत नाय," धर्मा म्हणाला. त्याने हे वाक्य संक्रांतीपासून पाठ केलं होतं.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, मग सरस्वतीकडे. सरस्वतीने जराशी होकाराची मान हलवली. भिमी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत विचार करत राहिली. बेंजोवाल्यांनीसुद्धा वाद्यं खाली ठेवली.

"बापानं शिवेवरून फिरायचं," शेवटी ती म्हणाली, "असं गान्यात हाय. डायवरचं गान्यात काय नाय. तू आधी बाप म्हनून फिर. त्या जांभळीपातूर जा, मागं बघू नको. मग कोन डायवर येतो तो येव दे."

धर्माने कुणालीच्या पदरात तांदूळ घातले. पाठ फिरवली. जांभळीपर्यंतची वाट ती केवढीशी. पण भिमीने मागून गाणं धरलं, आणि बाप परत फिरल्याची ती ओळ आली तेव्हा धर्मा खरोखरच परत फिरलेला बाप झाला. झाडाला हात टेकून तो मनसोक्त रडला. मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसून, खिशातला रुमाल टोपीसारखा डोक्याला बांधून तो वळला आणि गाडीकडे आला.

"कोन रे तू?" भिमीने विचारलं.

"डायवर," धर्मा म्हणाला. हशा पिकला, आणि बसकी शीव ओलांडून गेली.

रस्ता मोकळा होता. पाठराखिणीचा टेम्पो, एसी गाडी, बैलांची पिकअप, एकेक करून सगळे पुढे निघून गेले. बसकी आपली सावकाश. धर्मा कुणालीला पळसाची झाडं दाखवत होता, कोणाचं शेत कोणी घेतलं ते सांगत होता, ती जन्मापासून पाहत आलेला ओढा तिला पुन्हा दाखवत होता. चढ लागला तरी त्याने वेग वाढवला नाही. काटा पुन्हा वर सरकू लागला.

"बाबा, काटा," कुणाली म्हणाली.

"चढ हाय ना. जरा थांबू या, गार होव दे." त्याने गाडी कडेला घेतली. ऋतिकने पाय मोकळे केले. थोड्या वेळाने निघाले. धर्माने पुन्हा तीच मुंगीची चाल धरली आणि काटा पुन्हा वर निघाला.

कुणालीने बापाकडे पाहिलं. याच चढावरून सरस्वतीला त्याने कसं उडवत नेलं होतं, ते तिने आईकडून ऐकलं होतं.

"चढानं नाय होत ते," ती हळूच म्हणाली. "तू हळू चालवतोस. अशानं ही उकळून मरल, बाबा. वारा लागू दे तिला."

धर्मा पुढे रस्त्याकडे बघत राहिला. "वारा लागला तर लगेच येल गो तुझं घर," तो म्हणाला.

मागे ऋतिक खिडकीबाहेर बघत होता, मुद्दाम.

"येव दे," कुणाली म्हणाली. पदरातले तांदूळ सावरत ती हसत होती. "तू घरी जाऊन तो पंखा बसव. मग पाच परतावनाला मला न्यायला ये. परत सोडायला येशील तवा पायजे तेवढी हळू चालव."

धर्माने डोक्याचा रुमाल घट्ट केला. पंख्याला जागा करायची तर रेडिएटर चार बोटं पुढे सरकवावा लागेल, पुढची जाळी कापावी लागेल. दोन दिवसांचं काम. जमेल.

त्याने ॲक्सिलरेटरवर पाय दिला. दुप्पट ताकदीचं ते इंजिन पाडव्यापासून याच क्षणाची वाट बघत होतं; बसकी अंग झटकून सुटली. झेंडूच्या माळा तुटून मागे उडाल्या, बाशिंग ऋतिकच्या हातून निसटता निसटता वाचलं, आणि कुणाली लहानपणी ओरडायची तशी ओरडली. काटा भराभर खाली आला. खिंड आली तशी मागे गेली, आणि समोर उतारावर डोळखांबकडची पहिली घरं दिसू लागली.